चुणीचे मूळ

आपल्याकडे चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हुबेहूब'. सामान्य प्रेक्षकाजवळ याहून मानाचा शब्द नाही, आणि तसा तो वाईट शब्दही नाही. पण त्या माणसाला जरा थांबवून विचारावे, की बाबा, हुबेहूब म्हणजे नेमके काय? मग तो लुगड्याच्या जरीकडे बोट दाखवतो, गळ्यातल्या मण्यांच्या चकाकीकडे दाखवतो, गालावर हळूहळू उतरत गेलेल्या गुळगुळीत छटेकडे दाखवतो. ज्या बाईचे चित्र आहे ती बाई त्याने पाहिलेली नसते. तसे लुगडे तसा उजेड पडल्यावर तसेच दिसते की नाही, हेही त्याने कधी पडताळलेले नसते. म्हणजे तो कौतुक करतो ते सारखेपणाचे नव्हे, हाताच्या सफाईचे. सफाई ही एक गोष्ट आहे आणि खरेपणा ही दुसरी. छाया, उजेड आणि कापडाच्या चुण्या यांच्या बाबतीत आपण या दोन गोष्टींची गल्लत करत आलो आहोत, आणि तीच गल्लत शाळेच्या बाकांवरून पुढल्या पिढीच्या हाती देत आहोत, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणारा मी चित्रकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोटासाठी मास्तरकी आणि जिवासाठी कादंबरी, असा संसार मी काही वर्षे अकोल्यात केला आणि आता अमरावतीत करतो आहे. चित्रकलेचे गुरुजी रजेवर गेले, की त्यांचा तास बहुधा माझ्या गळ्यात येतो. वर्गावर नुसते बसून राहण्यापेक्षा काही शिकावे म्हणून चाळिशी उलटल्यावर मी त्या गुरुजींकडे रीतसर शिसपेन्सिल धरायला बसलो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते पंडिताचे नाही. उशिरा शिकू लागलेल्या, आणि म्हणूनच प्रत्येक नियमाला 'हे असे का?' म्हणून विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे.

अशाच एका तासाला वर्गापुढे स्टुलावर माठ ठेवला होता आणि त्याच्यामागे एक कापड टांगले होते. खिडकी मुलांच्या उजव्या हाताला. माठाची उजवी कड लख्ख उजळलेली. एक चुणचुणीत मुलगा कागद घेऊन आला आणि म्हणाला, ''सर, उजेड कोन्या बाजूनं दाखवू जी?'' उजेड समोर होता; तरी तो कोणत्या बाजूने दाखवायचा हे त्याला विचारावे लागले. कारण त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उजेड डावीकडून येत होता. त्याच्या डोळ्यांत आणि पुस्तिकेत भांडण लागले होते, आणि निवाडा पुस्तिकेच्या बाजूने व्हावा अशी त्याची मनोमन तयारीही झाली होती.

पुस्तिकेची कृती ठरलेली आहे. उजेड डावीकडून वरून यावा. उजवीकडे काळे करावे, मध्ये करडे ठेवावे, काळ्याच्या कडेला एक बारीक फिकी पट्टी सोडावी, खाली उजवीकडे लांबोळी सावली पाडावी आणि सगळे बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने घासून एकजीव करावे. मागच्या कापडाला वरून खाली तीनचार नागमोडी रेघा ओढून प्रत्येकीच्या एका अंगाला काळे करावे, चुण्या तयार. ही कृती चालते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी आपल्याला ठाऊक असलेल्या शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे पहिलीतल्या वस्तुचित्रात आणि दुसरीतल्या स्थिरचित्रात, तिच्या बळावर मुले पास होतात, श्रेणी मिळवतात, आणि त्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात जमा होतात. मुलांना त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. गुण मिळवणे हा गुन्हा नव्हे. मात्र या कृतीने मुलगा जे शिकतो ते इतकेच, की छाया म्हणजे वस्तूला चढवायचा एक दागिना आहे, आणि तो कोणत्या बाजूला चढवायचा हे दुसरे कोणी तरी ठरवते.

आता हा डाव्या उजेडाचा नियम मुळात खोटा नाही. उजव्या हाताने काढणाऱ्या माणसाने खिडकी डावीकडे येईल असे बसावे, म्हणजे त्याच्याच हाताची सावली कागदावर पडून त्याला अडचण होत नाही. युरोपातल्या चित्रशाळांत खिडकी उत्तरेला ठेवण्याची चाल पडली, कारण तिकडे उत्तरेकडून ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या आहेत. पण त्या कोठे आणि कसे बसावे याविषयीच्या आहेत, काय काढावे याविषयीच्या नाहीत. बसण्याचा नियम हळूच उठून चित्रात जाऊन बसला, आणि तो मूळचा कशासाठी होता हे सांगणारे कोणी उरले नाही. मग वऱ्हाडातल्या माठावरही तोच परका, सौम्य, तिरपा उजेड पडू लागला.

वऱ्हाडचा उजेड तसा नाही. अकोला आणि अमरावती ही गावे एकविसाव्या अक्षांशाच्या जरा दक्षिणेला आहेत. मे महिना संपत आला, की भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली क्षणभर तिच्याच पायाखाली लपते. त्या वेळी माणसाच्या कपाळावर आणि खांद्यांवर उजेड असतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि हनुवटीखाली काळोख असतो. तो काळोखही सगळीकडे सारखा नसतो. चुन्याने पोतारलेल्या भिंतीजवळ किंवा फुफाट्याच्या पांढऱ्या वाटेवर माणूस उभा असेल, तर खालून परतलेला उजेड हनुवटी उजळतो. तोच माणूस कपाशीच्या काळ्या रानात उभा राहिला, तर जमीन उजेड पिऊन टाकते आणि परत फारसे काही देत नाही. परावर्तित प्रकाश हा पुस्तिकेतला जड शब्द आहे. पण बापासोबत शेतात जाणाऱ्या मुलाला ही गोष्ट डोळ्यांनी ठाऊक असते. तिला नाव आहे, आणि ती चित्रात येऊ शकते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

जे छायेचे तेच कापडाचे. आमच्या गुरुजींनी मला कित्येक दिवस एकच काम दिले होते. एक जुने धोतर खुंटीला अडकवायचे आणि ते काढायचे. एका खुंटीला कापड टांगले, की चुण्या त्या खुंटीपासून छत्रीच्या काड्यांसारख्या फाकतात. वर दाट, खाली मोकळ्या. तेच कापड दोन खुंट्यांना बांधले, की मध्ये झोळ पडतो. दोन्ही टोकांकडून निघालेल्या चुण्या मध्याकडे येतात, पण समोरासमोर भेटत नाहीत, एकमेकींना चुकवून विरून जातात. खालचे टोक जमिनीवर पडू दिले, की तेथे कापडाला कोणी धरलेले नसते. ते आपल्याच वजनाने कोलमडते आणि त्याच्या मोडींना दिशा राहत नाही. कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने ताठपणे वळते आणि तिरके धरले की लवचीक होते. खळ असलेले कापड कोनात मोडते, धुऊन धुऊन विटलेले गोलाईने पडते. रेशमावर उजेडाची धार उमटते. मांजरपाटावर तोच उजेड पसरून बसतो. हे सगळे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. चुणी आपल्या मर्जीने कोठूनही निघत नाही. ती कोठे तरी धरलेल्या, खोचलेल्या, ताणलेल्या किंवा टेकलेल्या जागेपासून निघते. चुणीला मूळ असते. ते मूळ कागदावर दिसो वा न दिसो, काढणाऱ्याला ते ठाऊक असावेच लागते.

युरोपच्या चित्रकारांनी या गोष्टीचा ध्यास घेतला होता. लिओनार्दो मातीच्या आकृती करून त्यांवर ओल्या गिलाव्यात भिजवलेली फडकी पांघरी आणि ती तशीच ठेवून त्यांवरून अभ्यासचित्रे काढी, असे सोळाव्या शतकातला त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. पुढे तिकडच्या चित्रशाळांनी चुण्यांचे सात प्रकार पाडले आणि त्यांना नावे दिली. ती नावे पाठ करायला हरकत नाही. पण आपल्या घरात याहून मोठी शब्दसंपत्ती पडून आहे, तिच्याकडे आपले लक्ष का जात नाही? निरी बोटांनी घालतात. चुणी आपोआप पडते. सुरकुती वापराने येते. घडी कापड ठेवल्याने उमटते. पीळ धुण्याचा असतो. झोळ दोन टोकांमधला, घोळ पायाशी पसरणारा. लुगड्याच्या निऱ्या पोटाशी खोचल्या की तेथे केळे होते, मागे काष्टा ओढला जातो, धोतराचा सोगा लोंबतो, फेट्याचा शेमला पाठीवर सुटतो. यांतला प्रत्येक शब्द ती मोड कशाने झाली, हे सांगतो. लुगड्याच्या अंगावरच्या सगळ्या चुण्या शेवटी दोन ठिकाणी ओढलेल्या असतात, पुढे केळ्याकडे आणि मागे काष्ट्याकडे, हे घरातल्या आजीला कोणी शिकवावे लागत नाही. नवे पातळ नेसण्याला आपण 'घडी मोडणे' म्हणतो. त्या दिवशी अंगावरच्या चुण्यांच्या आड पेटीतल्या घडीच्या सरळ आडव्या-उभ्या खुणा दिसत असतात. हे एवढे एखाद्या मुलीने चित्रात दाखवले, तर पाहणाऱ्याला न सांगता कळेल, की आज सण आहे.

येथे कोणी म्हणेल, की छायेचा हा सगळा व्याप साहेबाने आणला. आपली परंपरा रेषेची. हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अर्धाच खरा आहे. बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडली की अजिंठा लांब नाही. तेथल्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहावा. त्याचे अंग सपाट नाही. कडांशी रंग गडद होतो, मध्ये उजळतो, आणि खांदा, दंड, गाल गोल होऊन भिंतीबाहेर येतात. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र म्हणून जो भाग आहे, त्यात या छायेला वर्तना म्हटले आहे आणि तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार दिले आहेत. पत्रज ही पानाच्या शिरांसारख्या रेषांची आणि बिंदुज ही ठिपक्यांची. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणते वर्तनेची, आणि इतर लोक रंगांच्या श्रीमंतीची. तेव्हा छाया आपल्याला परकी नाही.

परकी होती ती दुसरी गोष्ट. अजिंठ्याच्या माणसांना गोलाई आहे, पण त्यांची सावली जमिनीवर पडत नाही. उजेड एका बाजूचा नाही. तो जणू अंगातूनच येतो. त्या भिंतींवर सकाळ नाही आणि संध्याकाळही नाही. ज्यांना काळाच्या पलीकडचे दाखवायचे होते त्यांनी वेळ दाखवली नाही, आणि हे त्यांचे न्यून म्हणता येणार नाही. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि त्याबरोबर आपल्याकडे आली ती वेळ दाखवणारी छाया. उजेडाला एक ठिकाण, सावलीला एक दिशा, आणि म्हणून चित्राला एक घटका. योगायोग असा, की याच शाळेचे ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. म्हणजे या दोन्ही छाया त्याच विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेल्या. एक छाया वस्तूची गोलाई सांगते, दुसरी दिवसाची वेळ सांगते. दोन्ही खऱ्या आहेत. आजच्या पुस्तिकेतली छाया मात्र वेळेचा आव आणते आणि वेळ सांगत नाही. तिच्यातली सावली उजवीकडे पडते, पण कोणत्या खिडकीची, कोणत्या प्रहराची, याला उत्तर नाही. अजिंठ्याची निष्ठा तिच्यात नाही आणि जे. जे.ची शिस्तही नाही.

ही सवय आपल्याला लागली कशी, याचा विचार केला तर नजर भिंतीवरच्या तसबिरींकडे जाते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. तैलरंगात त्यांनी वस्त्राला जे वजन दिले ते त्यांच्या आधी आपल्याकडे कोणी दिले नव्हते. त्यांच्या जरीकाठाला भार आहे आणि भाराने तो खाली ओढला जातो. पण घरोघर गेले ते त्यांचे तैलचित्र नव्हे. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या छापील चित्रांनी देवघरे भरली. त्या छपाईत एकेका रंगाचा वेगळा दगड असे. उजळापासून काळोखापर्यंतच्या असंख्य पायऱ्या मोजक्या रंगांत बसवाव्या लागत आणि वरून तकाकी चढवली जाई. आपल्या आजोबा-पणजोबांनी लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यावर पाहिला तो हा दगडावरून आलेला उजेड. त्यांच्या डोळ्यांना तोच खरा वाटू लागला, आणि पुढच्या कॅलेंडरवाल्यांनी त्या नकलेच्या नकला केल्या.

याच्याशेजारी म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) ठेवून पाहावेत. ऑटो रॉथफील्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या १९२० च्या पुस्तकासाठी त्यांनी नाना जातीजमातींच्या स्त्रिया काढल्या. ती चित्रे लहान आहेत, पण वस्त्र कोठे खोचले आहे, पदर कोणत्या खांद्यावरून आला आहे आणि चालताना कोणत्या गुडघ्याने निऱ्या पुढे ढकलल्या आहेत, हे त्यांत वाचता येते. चकाकी थोडी आणि माहिती पुष्कळ. मला धुरंधर मोठे वाटतात ते या प्रामाणिक माहितीमुळे.

आणि सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८). हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योत जपणारी त्यांची ती स्त्री ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे; त्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. आश्चर्य असे, की हे चित्र रविवर्म्याचे म्हणून सांगणारे लोक अजूनही भेटतात. रविवर्मा वारले १९०६ मध्ये, आणि हे चित्र झाले त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. तारीख कोणाला ठाऊक नसेल, हे मी समजू शकतो. पण ते जलरंगात आहे, हे पाहण्याचा प्रश्न आहे. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो आधीच राखून ठेवावा लागतो आणि त्याच्या भोवतीने काळोख आणावा लागतो. एकदा झाकला की गेला. म्हणून बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड, खालून उजळलेला तो चेहरा, दिव्याकडे तोंड केलेल्या तेवढ्याच चुण्यांवर आलेली ती ऊब, हे सगळे चित्रकाराने ब्रश टेकवण्याआधी ठरवलेले असले पाहिजे. येथे 'उजेड कोणत्या बाजूने दाखवू' हा प्रश्नच उद्भवत नाही. दिवा तिच्या हातात आहे. बाकी सारे त्या दिव्यामुळे आहे. असे असून आपण ते दुसऱ्याच्या नावावर टाकतो, कारण आपण बाई पाहतो, लुगडे पाहतो, आणि उजेड पाहतच नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे बोलताना मुखपृष्ठांचा उल्लेख टाळणे लबाडीचे होईल. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या फवाऱ्याने काढलेल्या चित्रांनी मराठी घरांवर राज्य केले. इतकी अलगद उतरती छटा आमच्या पेन्सिलीला जन्मात साधणार नाही. पण त्या फवाऱ्याखाली सगळी वस्त्रे एकाच मापाने तलम होतात. देवीचे पीतांबर आणि गवळणीचे लुगडे यांत रंगाचा फरक राहतो, पोताचा राहत नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्याकडे सफाई कमी नव्हती. पण त्यांनी पुष्कळदा रेषेवर आणि सपाट रंगावर भिस्त ठेवली, छायेचा आव आणला नाही, आणि म्हणून दोनचार रेषांत त्यांचे जाडेभरडे कापड जाडेभरडे राहिले. दोघेही आपापल्या जागी थोर. मात्र शिकणाऱ्या मुलाने कोणाकडे पाहावे असे मला विचाराल, तर मी दलालांकडे बोट दाखवीन.

आता कोणी विचारील, की हा खटाटोप कशाला? छायाचित्र घेणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, नव्या चित्रकलेने छाया केव्हाच टाकून दिली आहे. खुंटीवरच्या धोतराच्या चुण्या मोजून मुलाचे काय भले होणार? याला माझे उत्तर एका माणसाच्या रूपाने देतो. हा माणूस आमच्याच जिल्ह्यातला. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मला, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेला, आणि त्याची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. गाडगेबाबांचे चित्र वऱ्हाडातल्या शाळाशाळांतून लागलेले असते, आणि दर वर्षी मुले ते काढतात. हातात खराटा, जवळ गाडगे, आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र.

या चिंध्या कशा काढतात ते पाहण्यासारखे असते. रंगीत चौकटी आखायच्या आणि त्यांवरून खांद्यापासून घोट्यापर्यंत त्याच त्या नागमोडी, मऊ, चकचकीत चुण्या सोडायच्या. बाबांच्या अंगावर रेशमाचा झगा आणि त्यावर चौकटींची नक्षी, असे ते दिसते. वास्तविक ठिगळ लावलेले कापड तसे पडतच नाही. जेथे ठिगळ आहे तेथे कापड दुहेरी होते. वरून आलेली चुणी त्याच्या कडेशी येऊन थबकते, वळसा घेते किंवा तेथेच मरते. प्रत्येक ठिगळाचे धागे वेगळ्या दिशेचे, म्हणून प्रत्येक ठिगळ वेगळ्या अंगाने वळते. टाक्यांच्या ओळीवर बारीक आकस पडतो. जुने कापड झिजून पातळ झालेले, नवे ठिगळ ताठ. उजेड एकातून थोडा आरपार जातो, दुसऱ्यावर अडतो. हे सगळे दिसायला एखादी गोधडी उन्हात वाळत घातलेली पाहिली तरी पुरे, आणि गोधडी नाही असे घर आमच्याकडे सापडायचे नाही.

हा केवळ तांत्रिक दोष आहे असे मला वाटत नाही. ज्या माणसाने फाटके वस्त्र जाणून निवडले, त्याच्या फाटकेपणाला आपण सफाईने रेशमी करून टाकतो, तेव्हा त्याने जे केले तेच आपण पुसत असतो. आणि बाबांचे राहो, पण त्या मुलाच्या स्वतःच्या घरातल्या माणसांचे काय? त्याची आई कार्तिकात कपाशी वेचायला जाते, कमरेला ओटी बांधते. कापसाने ती फुगते, पण जड होत नाही, आणि तिच्या चुण्या कमरेच्या गाठीपासून निघून त्या फुगवट्यावर ताणून नाहीशा होतात. हे चित्र अजून कोणत्याच पुस्तिकेत नाही. जो मुलगा कपड्याला एकच कृती शिकला, तो आपल्या आईला काढायला बसला तर तिलाही तलम, चकचकीत, डावीकडून उजळलेली काढील, आणि आपली आई चित्रात येण्याजोगी नाही, अशी एक लाज न कळत त्याच्या मनात राहील. सारा कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या पोराला सुती कापडाची चुणी काढता येऊ नये, याचे मला वाईट वाटते.

कादंबरी लिहिणारा म्हणून मला ही गोष्ट आणखी एका अंगाने जवळची आहे. आमच्या धंद्यातही छायेच्या कृती आहेत. दुःख आले की डोळे पाणावतात, राग आला की ओठ थरथरतात, गरिबी आली की भिंतीचे पोपडे निघतात. या लेखणीच्या नागमोडी रेघा. त्या वाचकाला चालतात, छापूनही येतात. पण पात्र कोठे धरले गेले आहे, कोणत्या खुंटीला त्याचे आयुष्य अडकले आहे आणि कोणत्या बाजूने त्याच्यावर ताण आहे, हे लेखकाला ठाऊक नसेल, तर त्या रेघा कोठूनही निघून कोठेही जातात. खुंटीवरचे ते धोतर काढू लागल्यापासून मी दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्याही लेखनात वर्णनापाशी थांबून चुणीचे मूळ शोधतो. सापडले तर वर्णन ठेवतो. नाही सापडले, तर ते कितीही गोंडस असले तरी माझ्या कामाचे नसते.

शाळांनी काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, पण सुचवतो. यासाठी नवे साहित्य लागत नाही, अनुदानही लागत नाही. एक जुने धोतर किंवा लुगडे, भिंतीला एक खुंटी आणि वर्गाला असेल ती खिडकी. आठवडाभर तेच कापड राहू द्यावे. सकाळच्या शाळेत एकदा काढावे, दुपारच्या शाळेत एकदा. बोटाने घासणे काही दिवस बंद ठेवावे. पेन्सिल टेकवण्याआधी मुलाने दोनच गोष्टी तोंडाने सांगाव्या: उजेड कोठून येतो आहे, आणि कापड कोठे धरलेले आहे. परीक्षकांनीही चित्र तपासताना हेच दोन प्रश्न त्या कागदाला विचारावेत. उत्तर मिळाले तर रेघ थोडी खडबडीत असली म्हणून गुण कापू नयेत.

असे शिकलेल्या मुलांतली बहुतेक चित्रकार होणार नाहीत, हे मी जाणून आहे. ती तलाठी होतील, शिवणकाम करतील, शेती करतील, एखादी मास्तरीण होईल. पण चित्रापुढे उभी राहिली तर ती लगेच 'हुबेहूब' म्हणणार नाहीत. आधी दिवा कोठे आहे ते पाहतील.